ओझ्याचा तळ : गाडी, रथ आणि लाकूड

देवाचा रथ रस्त्यावर आला म्हणजे भाविकांची दृष्टी प्रथम कळसाकडे जाते, मग कोरीव घोड्यांकडे व शेवटी चाकांकडे. उत्सवमूर्ती, पुजारी आणि सेवेकरी या सर्वांचा भार ज्या फळ्या पेलतात, त्या तळाकडे सहसा कोणी पाहत नाही. बैलगाडीचीही तीच कथा. चाकाची कीर्ती मोठी. पण धान्य, दगड वा शेणखत वाहते ती फळ्यांची बैठक. या तळासाठी लाकूड कोणते निवडावे आणि ते कसे राखावे, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. तो आज आठवावयाचा कारण असे, की आमच्या देवस्थानांतील जुने रथ दुरुस्तीस आले असून फळ्या बदलण्याचे निर्णय आमच्याच पिढीला घ्यावयाचे आहेत.

गाडी किती जुनी, याचे पुरावे पुष्कळ आहेत; गाडीच्या लाकडाचे मात्र फार थोडे. उत्तर प्रदेशातील बागपत जिल्ह्यात सिनौली येथे २०१८ साली उत्खनन झाले, तेव्हा सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची चाकांची वाहने दफनभूमीत सापडली. ती रथ म्हणावीत की बैलगाड्या, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. आम्हांला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. भरीव चाकांवर जडविलेले तांब्याचे त्रिकोण जागच्या जागी राहिले. ज्या लाकडावर ते जडविले होते, ते बहुतेक मातीत मिळून गेले. लाकूड राखले नाही तर इतिहासाच्या हाती केवळ अलंकार उरतात.

म्हणून आमच्या सुतारांनी निवडीचे शास्त्र अनुभवाने घडविले. एकाच गाडीत एकच लाकूड त्यांनी कधी वापरले नाही. चाकाचा तुंबा बाभळीचा, कारण ती धक्का सोसते व सहसा चिरत नाही. कणा धावड्याचा, कारण तो चिवट. तळाच्या फळ्या जमल्यास सागाच्या, न जमल्यास ऐनाच्या. कोकणीत ज्याला माट्टी म्हणतात तोच हा ऐन, आणि तोच गोव्याचा राज्यवृक्ष आहे. सागात वजनाच्या मानाने बळ आहे, तो फारसा आकसत वा फुगत नाही, आणि त्याच्या गाभ्यातील तेलकट द्रव्यांमुळे वाळवी व बुरशी यांना तो रुचत नाही. परंतु हा गुण गाभ्याचा आहे. सालीलगतचे फिकट लाकूड सागाचे असले तरी लवकर किडते. ‘साग घेतला’ एवढ्याने काम भागत नाही. गाभा घेतला की नाही, हे पाहावे लागते.

निवडीला एक नैतिक बाजूही होती. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ १७१५-१६ च्या सुमाराचे. आरमारासाठी सागासारखे लाकूड हुजूरची परवानगी घेऊन राज्यातील अरण्यांतून तोडावे, पण आंबा व फणस यांना हात लावू नये, अशी त्यात ताकीद आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, हे कारणही दिले आहे. झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर धन्यास राजी करून व मोल देऊनच तोडावे, असे आमचे पूर्वज सांगत होते.

सागाची कसोटी पाहावयाची तर दमणला तयार झालेल्या ‘दों फेर्नांदु दुसरा आणि ग्लोरिया’ या पोर्तुगीज युद्धनौकेकडे पाहावे. तिचे लाकूड नगर हवेलीच्या रानांतले. ती १८४३ साली पाण्यात उतरली. १९६३ साली लिस्बनजवळ टॅगस नदीत तिला आग लागली आणि तिचा सांगाडा कित्येक वर्षे गाळात रुतून पडला. १९९२ साली तो वर काढून तिचा जीर्णोद्धार करण्यात आला, आणि आज ती संग्रहालय म्हणून उभी आहे. येथे एक नियम ध्यानात येतो. सदैव कोरडे लाकूड कुजत नाही, आणि हवा न पोहोचणाऱ्या गाळातले लाकूडही फार मंद कुजते. कुजते ते अर्धवट ओले. बुरशीला ओल व हवा दोन्ही हव्या असतात. लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे वीस टक्क्यांखाली राहिले तर तिचे काही चालत नाही.

आगगाडी आली तेव्हा हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. १८५३ नंतर रुळांखाली घालण्यासाठी साग, साल व देवदार यांची बेसुमार तोड झाली. हलके लाकूड टिकाऊ कसे करावे, याचा शोध अपरिहार्य झाला. इंग्लंडात बेथेल यांनी १८३८ साली दाबाखाली डांबरतेल मुरविण्याची रीत काढली होती. पुढे, १९०६ साली स्थापन झालेल्या देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत, सोंटी कामेशम् या भारतीय शास्त्रज्ञाने १९३३ साली तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे मिश्रण सिद्ध केले. तांबे बुरशी मारते, आर्सेनिक किडीला आवरते आणि क्रोमियम या दोहोंना लाकडात बांधून ठेवते. परदेशांतील ओढगाड्यांचे तळ, कुंपणे आणि धक्के ज्या औषधी लाकडाने बांधले गेले, त्यांचे मूळ आपल्या देहरादूनात आहे, हे फार थोड्यांस ठाऊक आहे.

परंतु प्रत्येक औषधाला पथ्य असते. आर्सेनिकच्या भयाने अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती वापरासाठी असे लाकूड बनविणे थांबले. नंतरच्या मिश्रणांत तांबे अधिक असल्यामुळे साधे लोखंडी खिळे लवकर गंजतात. शिवाय असे लाकूड जाळणे घातक आहे. पुरीला जगन्नाथाचे तीन रथ दरवर्षी फाशी, धौरा व आसन या लाकडांतून नवे घडविले जातात, उत्सवानंतर मोडले जातात, आणि त्यांचे लाकूड महाप्रसादाच्या चुलीतही जाते. हे चक्र शुद्ध लाकडावरच चालू शकते. रानातून आलेले लाकूड देवाची सेवा करून अग्नीस मिळते. विषारी औषध मुरविले तर हा शेवटचा दुवा तुटतो.

गोमंतकात व कोकणात रीत वेगळी. येथे रथ पिढ्यान्‌पिढ्या राखावयाचा असतो, म्हणून भर रक्षणावर. रथाला छप्पर हवे, हे तर उघडच आहे. पण मोडतोड बहुधा छपराखालीच होते, कारण तळाच्या खालच्या बाजूला वारा पोहोचत नाही. दोन फळ्यांमध्ये पाणी निथळण्यापुरती फट असावी. फळ्यांची टोके सर्वांत जास्त पाणी पितात, म्हणून तेल प्रथम तेथे मुरवावे. केवळ वरच्या बाजूस रंगाचा जाड थर दिला तर आत शिरलेली ओल कोंडून राहते. जवसाचे तेल, नावाड्यांनी वापरलेले माशाचे तेल, काजूच्या टरफलाचे तेल या सर्वांचा उपयोग मुख्यतः पाणी बाहेर ठेवण्यासाठी आहे. त्यांनी सालीकडच्या लाकडाचा गाभा होत नाही.

देवस्थान समित्यांना आमचे एवढेच सांगणे आहे : कळसाला मुलामा देण्यापूर्वी रथाखाली वाकून पाहावे, कुजलेली फळी टोचून पारखावी आणि नवी फळी घेताना सुताराला गाभ्याविषयी विचारावे. देवस्थानाच्या जमिनीवर दोन-चार सागाची व ऐनाची रोपे लावावीत. त्यांचे लाकूड आमच्या हयातीत मिळणार नाही, पण आज आम्ही ज्या फळ्यांवर देवाला बसवितो, तीही कोणीतरी आमच्यासाठी राखून ठेवलेलीच होती.