काचेची बाटली ते प्लॅस्टिकची पिशवी: घरच्या डायलिसिसचा इतिहास

आजच्या भागात घरी करायच्या डायलिसिसची गोष्ट.

डायलिसिस म्हटलं की आपल्याला हॉस्पिटलातलं मशीन आठवतं. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी साधारण चार तास, आणि शंभर लिटरच्या वर शुद्ध पाणी. भिवंडीत यंत्रमागावर काम करणाऱ्याचे तेवढे खाडे पडतात.

दुसरा रस्ता पोटातून जातो. पोटाच्या आत पेरिटोनियम नावाचं पातळ आवरण असतं, ते गाळणीचं काम करतं. नळीवाटे साधारण दोन लिटर द्रावण पोटात सोडायचं, काही तासांनी काढायचं, नवीन भरायचं. दिवसातून साधारण चार वेळा. हाताने केलं तर मशीन लागत नाही, लाईट गेली तरी अडत नाही.

जर्मनीत गेऑर्ग गँटर यांनी 1923 मध्ये हे माणसावर करून पाहिलं. 1968 मध्ये अमेरिकेत हेन्री टेंकहॉफ यांनी पोटात कायम राहणारी मऊ नळी आणली. 1976 मध्ये टेक्सासमध्ये पोपोविच आणि मॉनक्रीफ यांनी द्रावण दिवसभर पोटात ठेवून हिंडत-फिरत डायलिसिस करायची कल्पना मांडली. पण द्रावण यायचं काचेच्या बाटल्यांत. दर वेळी नळी जोडा, काढा, पुन्हा जोडा. तेवढ्यात जंतू आत! पोटात इन्फेक्शन व्हायचं सरासरी दर दहा आठवड्यांनी.

मग टोरांटोत ओरिओपुलोस यांनी प्लॅस्टिकची पिशवी वापरली. रिकामी झाली की घडी करून कपड्यांखाली ठेवायची, नंतर पोटातलं पाणी तिच्यातच काढायचं. जोडण्या कमी झाल्या, इन्फेक्शनही कमी झालं. पुढे इटलीतून वाय आकाराची नळी आली: आधी नळी धुऊन निघते, मगच पोट भरतं. आज जागतिक संघटनेचं उद्दिष्ट आहे, एका पेशंटला वर्षाला 0.4 पेक्षा जास्त वेळा इन्फेक्शन नको. म्हणजे अडीच वर्षांत फार तर एकदा.

भारतात ही पद्धत 1991 पासून आहे. 2019 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात तिच्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

पण बघा, पिशवी कितीही सुधारली तरी शेवटची जोडणी पेशंटच्या हातातच राहते. म्हणून नर्स शिकवते: दार-खिडक्या बंद, पंखा बंद, मास्क, हात साबणाने धुऊन कोरडे, नळीच्या टोकाला बोट लावायचं नाही. बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं की थांबायचं नाही, ती पिशवी घेऊन लगेच दवाखाना गाठायचा. आणि इन्फेक्शन होऊन गेलं की पुन्हा पहिल्यापासून शिकवणी.

आता हेच भिवंडीतल्या एका खोलीच्या घरात करायचं. शेजारी माग खडखडतायत, हवेत सुताचे तंतू आहेत. खोलीतला कुठला कोपरा वापरायचा, पिशव्यांची खोकी कुठे रचायची, हे घर पाहिलेली नर्सच सांगू शकते. आणि सांगायचं कुठल्या भाषेत? इथे मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू सगळं चालतं. पेशंटने ऐकून मान डोलावली म्हणजे झालं नाही. त्याने सगळं स्वतःच्या हाताने करून दाखवायला हवं. सरकारी योजनेत पिशव्यांचा खर्च धरला जातो, तसेच शिकवणाऱ्या नर्सचे तासही धरायला हवेत.

तुमच्या घरात कोणी डायलिसिसवर असेल, तर डॉक्टरांना एकदा विचारा: आमच्या पेशंटला हे घरी जमेल का, आणि शिकवणार कोण?