डॉन गेल्यावर गादी कोणाची?

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात होते ती नोकरीच्या जाहिरातीसारख्या एका मजकुरापासून.

2002 साली न्यूयॉर्कच्या रँडम हाउस प्रकाशनातल्या जोनाथन कार्प नावाच्या संपादकाने साहित्यिक एजंटांकडे विचारणा केली. त्याला एक लेखक हवा होता. 'द गॉडफादर' लिहायला बसला तेव्हा मारिओ पुझो आयुष्याच्या ज्या टप्प्यावर होता, साधारण त्याच टप्प्यावर हा लेखक असावा, अशी अट होती. म्हणजे वय मधलं, नावावर दोन कादंबऱ्या, त्याही समीक्षकांनी वाखाणलेल्या. काम काय, तर कॉर्लिओनी घराण्याची गोष्ट पुढे न्यायची. पुझो 2 जुलै 1999 रोजी वारला होता आणि त्याच्या कुटुंबाची या गोष्टीला संमती होती.

डॉन गेलाय, घरचे बसलेत आणि गादीवर कोणाला बसवायचं याची बोलणी चालली आहेत. गोष्टीत जे घडतं तेच गोष्टीच्या बाबतीत घडत होतं. मला या सगळ्या प्रकरणात रस आहे तो एवढ्यासाठीच, की लेखकाच्या मागे नेमकं काय उरतं आणि त्यातलं काय दुसऱ्याच्या हातात देता येतं, हे इथे अगदी उघड्यावर बघायला मिळतं.

त्यासाठी आधी पुझोकडे जायला हवं. न्यूयॉर्कच्या हेल्स किचन या गरीब वस्तीत 1920 साली त्याचा जन्म झाला. आईवडील नेपल्सकडच्या भागातून आलेले. लक्षात घ्या, सिसिलीतून नव्हे. 1955 मध्ये 'द डार्क अरेना' आणि 1965 मध्ये 'द फॉर्च्युनेट पिलग्रिम' या त्याच्या कादंबऱ्या आल्या. दुसरी तर त्याच्या आईच्याच आयुष्यावर बेतलेली. परीक्षणं उत्तम आली, पैसे मात्र किरकोळ. पोट भरायला तो पुरुषांच्या सवंग मासिकांसाठी टोपणनावाने युद्धकथा आणि साहसकथा पाडत होता. पंचेचाळिशी आली, डोक्यावर वीस हजार डॉलरचं कर्ज. त्यात नातेवाईक होते, बँका होत्या आणि बुकीही होते, कारण गृहस्थाला जुगाराचा नाद होता. तेव्हा त्याने ठरवलं, कलावंत म्हणून मिरवणं पुरे झालं, आता विकलं जाईल असं लिहायचं.

'द गॉडफादर' मार्च 1969 मध्ये आली. न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत ती 67 आठवडे राहिली. स्वस्त आवृत्तीचे हक्क 4 लाख 10 हजार डॉलरला गेले. ही बातमी पुझोने आईला सांगितली तेव्हाचा किस्सा त्याने स्वतःच लिहून ठेवलाय. तिला आधी चाळीस हजार ऐकू आलं. याने पुन्हा सांगितलं, परत पुन्हा सांगितलं. अखेर आकडा डोक्यात शिरल्यावर बाईंनी एवढंच बजावलं, की कोणाला बोलू नकोस.

आता हे वाक्य डॉन व्हिटोच्या तोंडी घालून बघा. कुठे शिवण दिसते का? पुझोने पुढे लिहिलंही, की डॉन तोंड उघडायचा तेव्हा मला माझ्या आईचा आवाज ऐकू यायचा. अनेक मुलं एकटीच्या जोरावर वाढवलेली, कमी बोलणारी, घरातलं घरात ठेवणारी आणि उपकार न विसरणारी ही बाई. जगभर ज्याच्या नुसत्या पुटपुटण्याने अंगावर काटा येतो, तो माणूस मुळात एक इटालियन आई आहे.

आणि माफिया? ते पुझोने वाचून लिहिलं. आपण एकाही खऱ्या गुंडाला भेटलो नव्हतो, सगळं संशोधनातून उभं केलं, हे त्याने 1972 सालीच छापील कबूल केलं. कागदपत्रांचा तुटवडा नव्हता. 1950 आणि 51 मध्ये सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीच्या सुनावण्या दूरचित्रवाणीवरून देशभर दिसल्या होत्या. 1963 मध्ये जो व्हलाची या साध्या प्याद्याने सिनेटसमोर बसून 'कोझा नोस्त्रा' हे नाव, घराण्यांची उतरंड, दीक्षाविधी असं सगळं ओकून टाकलं होतं. पुस्तक गाजल्यावर खऱ्या गुंडांची पुझोशी गाठ पडली, तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना, की हा आपल्यातला नाही. पुढे तर अशी वेळ आली, की खरे गुंडच पुझोच्या गुंडांसारखे बोलू लागले.

हे एवढ्यासाठी सांगतोय, की 2003 च्या फेब्रुवारीत नव्या लेखकाचं नाव जाहीर झालं तेव्हा साहजिकच एक कुजबुज सुरू झाली. निवड झाली होती मार्क वाइनगार्डनर याची. जन्म 1961, ओहायोतलं एक छोटं गाव, फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात सर्जनशील लेखनाचा प्राध्यापक. इटालियन नाही, न्यूयॉर्कचा नाही, माफियाशी संबंध शून्य. लोकांना वाटलं, याला काय कळणार? पण याच मापाने मोजायचं तर पुझोही नापास होतो. नेपल्सकडच्या घरातला एक कर्जबाजारी माणूस ग्रंथालयात बसून सिसिलीचे डॉन रचू शकतो, तर ओहायोच्या प्राध्यापकाला का अडवायचं?

वाइनगार्डनरचं 'द गॉडफादर रिटर्न्स' नोव्हेंबर 2004 मध्ये आलं. त्याची अडचण काय होती बघा. पुझोची कादंबरी 1955 च्या सुमाराला संपते. कोपोलाच्या 1974 च्या दुसऱ्या चित्रपटातली मायकेलची गोष्ट 1958 मध्ये सुरू होते. मधली जागा मोकळी. शिवाय वाचकांपैकी बहुतेकांच्या डोक्यात पुस्तक कमी आणि चित्रपटच जास्त. मायकेल म्हटलं की अल पचिनो. म्हणजे नव्या लेखकाला दोन मालकांची चाकरी, एक कागदावरचा आणि एक पडद्यावरचा. त्याने वाट काढली ती अशी, की चित्रपटात दिसलेल्या घटना पुन्हा सांगायच्याच नाहीत. त्यांच्या अलीकडे आणि पलीकडे, 1962 पर्यंत, गोष्ट पसरायची. एखाद्या जुन्या वाड्याला धक्का न लावता मधल्या बोळात खोली काढावी तसं हे काम.

सांधा त्याने हुशारीने जोडलाय. मूळ कादंबरीच्या शेवटाला टेसियो हा जुना सरदार फितूर निघतो आणि त्याला घेऊन जातात. गोळी कोणी घातली, हे पुझो दाखवत नाही. वाइनगार्डनर तिथेच हात घालतो. गोळी घालायला लागते निक जेरासी या नव्या माणसाला, आणि टेसियो तर त्याचा गुरू. पूर्वी मुष्टियुद्ध खेळलेला, डोकेबाज, वरच्यांची मर्जी सांभाळणारा हा जेरासी. मायकेल त्याला वर चढवतो आणि त्याच्याच जिवावर उठतो. जेरासी चालवत असलेलं विमान ईरी सरोवरात कोसळतं, आत दुसऱ्या घराण्यांचे डॉन. जेरासी वाचतो. मग त्याला कळतं, की हा अपघात घडवलेला होता, आणि तिथून मायकेलला बरोबरीचा वैरी मिळतो.

हा जेरासी आला कुठून? क्लीव्हलंडहून. आणि वाइनगार्डनरची आधीची मोठी कादंबरी, 2001 सालची 'क्रुकेड रिव्हर बर्निंग', ती कुठल्या शहराची? क्लीव्हलंडचीच. पुझोने गुंडांच्या गोष्टीत आपली आई आणली, याने आपलं शहर आणलं. आणि ते नुसतं सोयीसाठी नाही. अमेरिकी माफियाच्या इतिहासात क्लीव्हलंड मोठं गाव आहे. डिसेंबर 1928 मध्ये तिथल्या स्टॅटलर हॉटेलात वेगवेगळ्या शहरांतून आलेले सिसिलियन लोक पोलिसांनी पकडले होते. अशा आंतरशहरी बैठकीची पोलिसांच्या हाती लागलेली ही पहिली मोठी खूण. दारूबंदीच्या काळात ईरी सरोवरावरून कॅनडाची दारू यायची. त्या धंद्यातून मोठा झालेला मो डॅलिट्झ 1950 मध्ये लास व्हेगासला डेझर्ट इन कॅसिनो उघडणाऱ्यांत होता. कॉर्लिओनी घराणं नेव्हाडाला जातं, हे वाचताना आपल्याला न्यूयॉर्क ते व्हेगास अशी सरळ रेघ दिसते. खऱ्या इतिहासातली एक जाड रेघ क्लीव्हलंडवरून जाते.

आता मला या पुस्तकात सर्वांत मोलाचं वाटतं ते सांगतो. पुझो 'द गॉडफादर' लिहीत होता तेव्हा काही गोष्टी त्याला माहीत असणं शक्यच नव्हतं. नोव्हेंबर 1957 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ॲपलाचिन या खेड्यात देशभरचे डॉन जमले होते. स्थानिक पोलिसांना संशय आला, आणि उंची सूट घातलेले हे सगळे रानातून पळत सुटले. साठेकजण सापडले. तोवर देशव्यापी संघटना वगैरे काही नाही, असं सांगणाऱ्या एफबीआयच्या हूव्हरना तोंड लपवायला जागा राहिली नाही. हे पुझोच्या काळात उघड होतं. पण 1975 मध्ये सिनेटच्या चर्च समितीने जे बाहेर काढलं, ते नव्हतं. फिडेल कॅस्ट्रोला मारण्यासाठी सीआयएने सॅम जियांकाना, जॉन रोझेली यांच्यासारख्या माफियाच्या माणसांना हाताशी धरलं होतं! सरकार आणि गुन्हेगार एका टेबलावर, आणि तेही सरकारनेच बोलावून.

वाइनगार्डनरकडे हे सगळं होतं. म्हणून त्याच्या पुस्तकात केनेडींची आठवण करून देणारं शे नावाचं घराणं येतं, क्यूबाचा प्रश्न येतो, आणि 2006 च्या 'द गॉडफादर्स रिव्हेंज'मध्ये तो धागा पुढे जातो. इथे पुझोच्या जगाचा एक पायाच हलतो. पुझोचा डॉन राज्यसंस्थेला बाहेर ठेवून स्वतःचं छोटं राज्य चालवतो. न्यायाधीश आणि राजकारणी त्याच्या खिशात असतात, पण ते खिशातच. नव्या पुस्तकात खिसा कोणाचा आणि नाणं कोण, हे कळेनासं होतं. इतिहासकार म्हणून मला हे चित्र जास्त खरं वाटतं. वाचक म्हणून? इथे माझा हात थांबतो.

कारण या पुस्तकात सगळे फार बोलतात. फ्रेडोचं लपवलेलं खासगी आयुष्य, मायकेलचं युद्धातलं आयुष्य, पुझोने ज्यावर झाकण ठेवलं ते एकेक उघडून दाखवलंय. फ्रेडोची बाजू वाचताना जीव तुटतो, हे खरं. पण त्या घराण्याची ताकद न सांगण्यात होती. पात्रं, कालपट, सरदारांची नावं हे सगळं करारात लिहून देता येतं. हेल्स किचनमधल्या त्या बाईंचा आवाज कुठल्या कलमात घालणार? परीक्षणं संमिश्र आली, आणि मला वाटतं समीक्षकांना हेच कुठेतरी बोचत होतं.

आपल्याकडे मात्र वारसदार 2004 पर्यंत थांबले नव्हते. 1975 मध्ये फिरोज खानचा 'धर्मात्मा' आला. 1987 मध्ये मणिरत्नमचा 'नायकन', ज्यात वरदराजन मुदलियार आणि मुंबईची धारावी आली. 2005 मध्ये रामगोपाल वर्माचा 'सरकार', जो आपलं ऋण सुरुवातीलाच मान्य करतो. मराठीत रवींद्र गुर्जरांच्या अनुवादाने कॉर्लिओनी घराघरांत नेले. आणि शब्द तर असा रुळला, की इंदूर असो की बेळगाव, पक्षाचं तिकीट कापलं गेलेला कार्यकर्ता हमखास म्हणतो, आपल्याला कोणी गॉडफादर नाही हो. ख्रिस्ती बाप्तिस्म्यातला धर्मपिता मराठीत येईपर्यंत वशिल्याचा बाप झाला. या रूपांतराची रॉयल्टी कोणाला द्यायची?

अमेरिकेत हा प्रश्न थट्टेचा राहिला नाही. फेब्रुवारी 2012 मध्ये पॅरामाउंट स्टुडिओने पुझोच्या वारसांना न्यायालयात खेचलं. एड फाल्को या लेखकाचं 'द फॅमिली कॉर्लिओनी' येऊ घातलं होतं. 1933 च्या न्यूयॉर्कमधली, तरुण सनीची आणि चढत्या व्हिटोची गोष्ट, पुझोने लिहून ठेवलेल्या आणि कधीच चित्रित न झालेल्या पटकथेच्या पानांवरून फुलवलेली. पॅरामाउंटचं म्हणणं, 1969 सालीच आम्ही हक्क विकत घेतले. वाइनगार्डनरच्या पहिल्या पुस्तकाला परवानगी दिली ती तेवढ्यापुरती. दुसरं तर आम्हाला न विचारताच काढलं. वारसांनी उलटा एक कोटी डॉलरचा दावा ठोकला.

म्हणजे बघा, 1969 चा करार केला कोणी, तर कर्जात बुडालेल्या, हातात येईल तो आगाऊ पैसा घेणाऱ्या लेखकाने. अपुऱ्या हस्तलिखितावरच पॅरामाउंटने साडेबारा हजार डॉलर देऊन चित्रपटाचा पहिला हक्क बांधून घेतला होता. नाकारता येणार नाही असा प्रस्ताव त्या दिवशी कोणी कोणापुढे ठेवला होता, हे तुम्हीच ठरवा.

पुस्तक मे 2012 मध्ये बाहेर पडलं. डिसेंबरमध्ये दोन्ही पक्षांनी तडजोड केली, आणि तिच्या अटी बाहेर आल्या नाहीत. जाता जाता एक गंमत. हा एड फाल्को म्हणजे 'द सोप्रानोज' या मालिकेत डॉनच्या बायकोचं काम करणाऱ्या एडी फाल्कोचा काका. त्या मालिकेतले गुंड बसले-उठले की 'गॉडफादर'मधले संवाद म्हणत असतात.