रबरी ओ-रिंग : सफाई व तपासणी

साच्यातून निघालेल्या रबरी ओ-रिंगच्या कडेला, साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे, पातळ पापुद्रा राहतो. कारखान्यात त्याला ‘फ्लॅश’ म्हणतात. तो हाताने कातरता येतो, पण कातर जरा आत गेली की रिंग बाद होते. म्हणून लहान रिंगांसाठी अतिशीत पद्धतच सरस. द्रव नायट्रोजनने (उत्कलनबिंदू उणे १९६° से.) थंड केल्यावर पापुद्रा जाड भागाच्या आधी ठिसूळ होतो आणि पॉलिकार्बोनेटच्या बारीक दाण्यांच्या माऱ्याने तुटून पडतो. मग रिंग किंचित ताणून भिंगाखाली फिरवतात. ताण दिल्यावर मिटलेली चीर उघडते. पृष्ठदोषांच्या मर्यादा आयएसओ ३६०१-३ या मानकात दिल्या आहेत. दाबाखाली रिंग कायमची किती चपटते, हे पाहताना नमुना निकामी होतो. त्यामुळे ही चाचणी प्रत्येक बॅचमधील मोजक्याच नगांवर घेतात.