पार्कमन खटला : कवळीवरून पटलेली ओळख

अमेरिकेतील बॉस्टन शहरात २३ नोव्हेंबर १८४९ रोजी, शुक्रवारी, डॉ. जॉर्ज पार्कमन बेपत्ता झाले. शिक्षणाने ते वैद्य होते, पण व्यवसाय घरभाड्याचा आणि सावकारीचा. वसुलीसाठी ते रोज पायी हिंडत. उंच, सडपातळ अंगकाठी आणि पुढे आलेली हनुवटी यांमुळे सारे शहर त्यांना ओळखत असे. नॉर्थ ग्रोव्ह स्ट्रीटवरील हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत त्यांनीच दिलेल्या जागेवर उभी होती. त्या दुपारी ते याच इमारतीकडे जाताना दिसले, नंतर घरी परतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कुटुंबीयांनी शोध सुरू केला. माहिती देणाऱ्यास ३,००० डॉलरचे बक्षीस जाहीर झाले, २८,००० पत्रके वाटली गेली आणि चार्ल्स नदीत गळ टाकून तळ धुंडाळण्यात आला. नव्याने आलेल्या गरीब आयरिश स्थलांतरितांवर लोकांचा पहिला संशय गेला, पण त्याला कोणताही आधार नव्हता. जोवर मृतदेह सापडत नाही तोवर हा केवळ हरवलेल्या माणसाचा तपास होता. पार्कमन निघून गेले असतील, त्यांना भ्रम झाला असेल, लुटारूंनी मारले असेल, असे सारेच तर्क शक्य होते.

तपासाला दिशा मिळाली ती रसायनशास्त्राचे प्राध्यापक जॉन वेबस्टर याच्यामुळे. रविवारी तो स्वतःहून पार्कमन यांचे भाऊ रेव्हरंड फ्रान्सिस पार्कमन यांच्याकडे गेला. शुक्रवारी दुपारी महाविद्यालयात आपली डॉ. पार्कमन यांच्याशी भेट झाली आणि आपण ४८३ डॉलर ६४ सेंट चुकते केले, असे त्याने सांगितले. वेबस्टरचा खर्च मिळकतीपेक्षा मोठा होता. १८४२ मध्ये त्याने पार्कमन यांच्याकडून ४०० डॉलर घेतले होते. १८४७ मध्ये इतर काही जणांच्या देण्यासह २,४३२ डॉलरचा नवा रोखा झाला आणि त्याला वेबस्टरचा खनिजसंग्रह तारण राहिला. तोच संग्रह त्याने पुढे पार्कमन यांचे मेहुणे रॉबर्ट गुल्ड शॉ यांच्याकडे १,२०० डॉलरसाठी गहाण टाकला. एकच तारण दोघांना दिल्याचे कळल्यावर पार्कमन यांनी तगाद्याचा जोर वाढवला होता.

पोलिसांनी महाविद्यालयाची झडती दोनदा घेतली, पण ती वरवरची होती. प्राध्यापकाच्या खोल्या बारकाईने तपासण्याचे धाडस कोणी केले नाही. ते काम इमारतीचा रखवालदार इफ्रैम लिटलफील्ड याने केले. तो कुटुंबासह तेथेच राहत असे. वेबस्टरची दारे अवेळी आतून बंद असल्याचे आणि भट्टीलगतची भिंत तापल्याचे त्याला जाणवले. शिवाय एरवी काही न देणाऱ्या प्राध्यापकाने सणासाठी त्याला टर्की भेट दिली होती. लिटलफील्डने पत्नीला पहाऱ्याला बसवले आणि तळघरातून वेबस्टरच्या शौचकूपाची विटांची भिंत फोडायला सुरुवात केली. ३० नोव्हेंबरला भगदाड पडले आणि आत मानवी शरीराचे भाग दिसले. त्याच रात्री वेबस्टरला अटक झाली. पुढच्या झडतीत चहाच्या पेटीत धड सापडले, तर भट्टीच्या राखेत हाडांचे तुकडे आणि कृत्रिम दात मिळाले.

तरीही खून सिद्ध झाला नव्हता. शिर नव्हते, आणि वैद्यकीय महाविद्यालयात मानवी अवशेष सापडणे ही नवलाची गोष्ट नव्हती; तेथे विच्छेदनासाठी शव येतच असत. म्हणून सरकारी पक्षाला दोन गोष्टी दाखवाव्या लागल्या : हे शव विच्छेदनाचे नाही, आणि ते पार्कमन यांचेच आहे. रसायनतज्ज्ञांना अवशेषांत शव टिकवण्यासाठी टोचतात त्या द्रवाचा अंश आढळला नाही. शरीररचनातज्ज्ञ जेफ्रीज वायमन यांनी हाडांचे तुकडे जुळवून ते एकाच शरीराचे असल्याचे दाखवले.

निर्णायक ठरली दंतवैद्य नेथन कीप यांची साक्ष. १८४६ मध्ये महाविद्यालयाच्या उद्घाटन समारंभापूर्वी हवी म्हणून पार्कमन यांनी त्यांच्याकडून घाईने कवळी करून घेतली होती. पुढे आलेल्या खालच्या जबड्यामुळे ते काम अवघड होते. त्या वेळी घेतलेले प्लास्टरचे साचे कीप यांनी जपून ठेवले होते. भट्टीतले दातांचे तुकडे त्या साच्यांवर बसले. ईथरच्या प्रयोगामुळे प्रसिद्ध झालेले विल्यम मॉर्टन यांनी बचाव पक्षातर्फे साक्ष दिली : या दातांत ओळख पटण्याजोगे वैशिष्ट्य नाही. ज्यूरीने मात्र कीप यांच्यावर विश्वास ठेवला. दातांवरून ओळख पटवण्याची घटना याआधीही घडली होती. १७७५ मध्ये बंकर हिलच्या लढाईत मारले गेलेले जोसेफ वॉरन यांचा देह पॉल रिव्हिअर यांनी पुढच्या वर्षी आपणच बसवलेल्या दातावरून ओळखला होता. पण खुनाच्या खटल्यात अशा पुराव्याला इतके वजन मिळाल्याचे अमेरिकेतील पहिले ठळक उदाहरण म्हणून पार्कमन खटलाच सांगितला जातो.

१९ मार्च १८५० रोजी सुनावणी सुरू झाली. गर्दी इतकी होती की प्रेक्षकांना दहा-दहा मिनिटांसाठी आत सोडत. अशा रीतीने सुमारे ६०,००० लोकांनी न्यायालय पाहिले. मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी ज्यूरीला सांगितले की मृत्यू आणि मृताची ओळखही परिस्थितिजन्य पुराव्याने, वाजवी शंकेपलीकडे सिद्ध होऊ शकते. त्यांचा कल आरोपीच्या विरुद्ध होता अशी टीकाही झाली. ज्यूरीने तीन तासांच्या आत वेबस्टरला दोषी ठरवले. शिक्षेनंतर त्याने कबुली दिली, पण वसुलीच्या भांडणात रागाच्या भरात लाकडाने तडाखा दिल्याचे सांगून पूर्वनियोजन नाकारले. ३० ऑगस्ट १८५० रोजी त्याला फाशी झाली. त्याच्या निराधार पत्नीसाठी आणि मुलींसाठी जो निधी जमला, त्यात पार्कमन यांच्या पत्नीनेही पैसे दिले.

शॉ यांनी केलेली वाजवी शंकेची व्याख्या अमेरिकेतील न्यायालये दीर्घकाळ वापरत राहिली. १९९४ मध्ये नेब्रास्का आणि कॅलिफोर्निया येथील प्रकरणांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिची शब्दरचना पुन्हा तपासली. तपासाच्या बाजूनेही या खटल्याने एक गोष्ट ठसवली : बेपत्ता माणसाच्या शोधाचे खुनाच्या तपासात रूपांतर होण्यासाठी अवशेष सापडणे पुरेसे नसते, ते कोणाचे हे ठरावे लागते, आणि त्यासाठी कारागिराने आपल्या कामाची राखलेली नोंद मोलाची ठरते.