पावसाळ्यात पिकअपला कोणते टायर घालावेत? घाटातून माल नेणाऱ्यांनी खरेदीआधी पाहायच्या गोष्टी

जुन्नर : टोमॅटोच्या हंगामाचा मोठा भाग पावसाळ्यात येतो. नारायणगाव, ओतूर, आळेफाटा भागातून क्रेट भरलेल्या पिकअप रात्री माळशेज घाट उतरून कल्याण, वाशीच्या बाजाराकडे जातात आणि सकाळी रिकाम्या होऊन तोच घाट चढतात. धुकं, डोंगरावरून रस्त्यावर येणारं पाणी, कडेची लाल माती अशा रस्त्यावर गाडी आणि रस्ता यांच्यात फक्त चार टायर असतात. प्रत्येक टायर तळहाताहून थोड्या मोठ्या जागेवर टेकलेला असतो. तरीही अनेक ठिकाणी टायर बदलायचा निर्णय ‘अजून एक हंगाम निघेल’ म्हणत पुढे ढकलला जातो, किंवा दुकानात जो स्वस्त मिळेल तो घातला जातो.

बर्फ पडणाऱ्या देशांत हिवाळ्यासाठी वेगळे टायर असतात. त्यांचं रबर थंडीतही मऊ राहतं. आपल्याकडे त्यांचा उपयोग नाही, कारण गरम डांबरावर ते लवकर झिजतात. काही टायरवर ‘एम प्लस एस’ असा शिक्का दिसतो. त्याचा अर्थ चिखल आणि बर्फासाठीची नक्षी एवढाच आहे. ओल्या डांबरावर तो टायर चांगला धरेल, याची ती हमी नाही. आपला कसोटीचा हंगाम पावसाळा आहे आणि निवडही त्याच हिशेबाने करायला हवी.

नक्षी किती उरली?

टायरच्या खाचांचं काम चाकाखालचं पाणी बाजूला फेकण्याचं असतं. खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर पडत नाही. वेगात असताना टायर पाण्याच्या थरावर उचलला जातो, आणि मग स्टिअरिंग किंवा ब्रेक कशाचाच उपयोग होत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चारचाकी वाहनाच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो कायद्यानेही बाद होतो.

मात्र १.६ ही शेवटची मर्यादा आहे. घाटातल्या पावसासाठी ३ ते ४ मिलिमीटरच्या खाली गेलेल्या टायरवर भरवसा ठेवू नये. मोजायला टायरच्या दुकानात छोटं गेज असतं. ते नसेल तर मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी चालते, फक्त पट्टीच्या टोकापासून शून्यापर्यंतची मोकळी जागा मोजणीत मिळवावी. मधे आणि दोन्ही कडांना, अशा तीन ठिकाणी मोजावं. मधला भाग जास्त झिजला असेल तर हवा जास्त भरली जाते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी पडते किंवा माल जास्त भरला जातो. एकच कड झिजली असेल तर अलाईनमेंट बिघडलेली आहे. ती दुरुस्त न करता नवा टायर घातला तर तोही तसाच खराब होतो.

टायरवरचे आकडे वाचायचे कसे?

समजा टायरवर ‘१९५/८० आर १५ एलटी, १०६/१०४ एस’ असं लिहिलं आहे. १९५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. ८० म्हणजे रुंदीच्या ८० टक्के उंची. ‘आर’ म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात आणि ‘एलटी’ म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा टायर. त्यापुढचा १०६ हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, पण तोच कमी लोक वाचतात. तो वजन पेलण्याची क्षमता सांगतो. दोन आकडे असतील तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा मागे जोडचाकं असलेल्या गाडीसाठी असतो.

एका टायरची क्षमता अशी :

- १०० : ८०० किलो
- १०४ : ९०० किलो
- १०६ : ९५० किलो
- १०८ : १,००० किलो
- ११२ : १,१२० किलो

पंधरा इंची रिमला बसतो म्हणून जीपचा किंवा मोठ्या कारचा टायर पिकअपला घातलेला अनेकदा दिसतो. तिथेच घोटाळा होतो. मागच्या दोन्ही चाकांना १०६ क्रमांकाचे टायर असतील तर ते मिळून १,९०० किलो पेलतात. १०० क्रमांकाचे असतील तर १,६०० किलो. फरक ३०० किलोंचा, म्हणजे टोमॅटोच्या जवळपास १५ क्रेटचा. टायर लगेच फुटत नाही, पण आतून तापत राहतो आणि कधीतरी उतारावर दगा देतो. त्यामुळे कंपनीने गाडीसाठी सांगितलेल्या क्रमांकापेक्षा कमी क्रमांकाचा टायर घेऊ नये. ही क्षमताही पूर्ण हवा असतानाच मिळते.

‘एट पीआर’सारखा आकडा म्हणजे प्लाय रेटिंग, म्हणजेच टायरचा मजबूतपणा. आत तेवढेच थर असतात असं नाही.

इथे मालाचाही हिशेब येतो. १,३०० किलो क्षमतेच्या पिकअपमध्ये २० किलो टोमॅटोचे क्रेट, क्रेटचं स्वतःचं वजन धरून, साठच्या आतबाहेरच बसतात. ऐंशी रचले की टोमॅटोच १,६०० किलो होतो. जादा वजनाला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार २० हजार रुपये आणि वर प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे. कितीही चांगला टायर घेतला तरी ओव्हरलोडची भरपाई तो करू शकत नाही.

नायलॉन की रेडियल?

नायलॉन टायर स्वस्त मिळतो, त्याची बाजू जाड असते आणि तो गावातल्या पंक्चरवाल्याकडेही दुरुस्त होतो. खाणीच्या किंवा खडीच्या रस्त्यावर कमी वेगाने चालणाऱ्या गाडीला तो चालतो. रेडियल टायर रस्त्यावर जास्त सपाट टेकतो, कमी तापतो आणि लांबच्या पल्ल्यावर जास्त टिकतो. घाट आणि हायवेच्या रोजच्या फेऱ्यांसाठी रेडियलच बरा. एकाच अ‍ॅक्सलवर एक नायलॉन आणि एक रेडियल अशी जोडी कधीच लावू नये. ब्रेक लागला की गाडी एका बाजूला ओढते.

नक्षीतही फरक असतो. सरळ लांब खाचांची नक्षी पाणी लवकर काढते आणि पुढच्या चाकांना स्टिअरिंगसाठी चांगली पडते. मोठ्या ठोकळ्यांची नक्षी शेतातल्या चिखलात धरते, पण डांबरावर आवाज करते आणि ओल्या वळणावर तेवढी पक्की धरत नाही. बांधापासून माल उचलून पुढे हायवेने जाणाऱ्या गाडीला मागे मधल्या प्रकारची नक्षी योग्य ठरते. त्यात मधे सरळ खाचा असतात आणि कडांना ठोकळे.

दोनच टायर घेण्याइतके पैसे असतील तर?

हप्ते, डिझेल आणि बाजारभाव यांचा मेळ घालताना चारही टायर एकदम घेणं प्रत्येकाला जमत नाही. अशा वेळी नवे दोन टायर पुढे घालायची पद्धत आहे. खरं तर ते मागे घालायला हवेत. पुढची चाकं घसरली तर ड्रायव्हरला स्टिअरिंगवर कळतं आणि वेग कमी करून सावरता येतं. मागची चाकं घसरली तर गाडी जागेवर फिरते. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो, त्यामुळे परतीच्या फेरीत हा धोका जास्त. अर्थात पुढचे टायर गुळगुळीत झाले असतील तर आधी ते काढावे लागतील.

पुढच्या चाकांना रिमोल्ड टायर लावू नये. स्टेपनी त्याच मापाची आणि हवा भरलेली असावी. रात्री अडीच वाजता घाटात तीच कामाला येते.

टायर किती जुना आहे, तेही पाहा

टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. ‘२३२५’ म्हणजे २०२५ सालातल्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला टायर. रबर पडून पडूनही कडक होतं. नवा म्हणून दिलेला टायर दोन-तीन वर्षं जुना निघाला तर दुसरा मागावा. वापरातल्या टायरला पाच वर्षं झाली की दरवर्षी तपासून घ्यावा. बाजूला बारीक भेगा किंवा फुगवटा दिसला तर नक्षी शिल्लक असली तरी तो बदलावा. खरेदी करताना आयएसआय शिक्का पाहावा, पक्कं बिल घ्यावं आणि त्यावर टायरचा नंबर लिहून घ्यावा. नंबर नसेल तर वॉरंटीच्या वेळी वाद होतो.

‘पावसात हवा कमी ठेवावी’ हा गैरसमज

हवा कमी केली की टायर जास्त धरतो, असं अनेक जण सांगतात. शेतातल्या चिखलातून गाडी बाहेर काढण्यापुरतं ते ठीक आहे. डांबरावर मात्र उलटं होतं. कमी हवेचा टायर मधे आत दबतो, पाणी नीट काढत नाही आणि भरल्या गाडीखाली तापतो. हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीसाठी वेगळे आकडे दिले असतील तर ते पाळावेत. हवा टायर थंड असतानाच तपासावी. घाट उतरून आल्यावर मोजली तर आकडा जास्त दिसतो.

निघण्याआधी

- पाचही टायरची हवा आठवड्यातून एकदा आणि लांबच्या फेरीआधी तपासावी.
- खाचांत अडकलेली खडी काढावी.
- पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, त्या दिवसांत वेग आणखी कमी ठेवावा.
- वेग दुप्पट झाला की थांबायला साधारण चौपट अंतर लागतं. ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त.
- उतारावर गाडी न्यूट्रल करू नये. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावा.
- दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायरची अदलाबदल आणि अलाईनमेंट करून घ्यावी.

एका फेरीचा माल वेळेत पोहोचला नाही तर त्या दिवसाचा भाव जातो. गाडी कठड्याला गेली तर मालासोबत ड्रायव्हर आणि हप्ता बाकी असलेली गाडीही जाते. नव्या टायरचे पैसे जास्त वाटतात तेव्हा हा हिशेब समोर ठेवलेला बरा.