पिंजऱ्याच्या सफाईला वाफेची जोड

पक्षी पाळणाऱ्या घरांत पिंजऱ्याच्या तळाचा कागद रोज बदलला जातो, दाण्यांची टरफले झाडली जातात, पाण्याची वाटी विसळली जाते. एवढ्याने पिंजरा स्वच्छ दिसू लागतो. गजांच्या सांध्यांत, बिजागरीत आणि ट्रेच्या खाचेत चिकटलेली वाळकी विष्ठा तशीच राहते. या अडचणीच्या जागी फडके पोहोचत नाही, वाफ पोहोचते. म्हणूनच स्वयंपाकघरातील ओटा आणि टाइल्ससाठी घेतलेला स्टीम क्लीनर येथेही उपयोगी पडतो.

(आपल्याकडचा हिरवा पोपट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घरात पाळता येत नाही. हे विवेचन बजरीगर, कॉकटील अशा परदेशी जातींच्या पिंजऱ्यांविषयी आहे.)

या सफाईत सर्वाधिक घडणारी चूक म्हणजे वाळलेल्या विष्ठेवर थेट वाफेचा झोत सोडणे. झोताच्या जोराने तिचे बारीक कण हवेत उडतात आणि सफाई करणाऱ्याच्या श्वासात जातात. पोपटवर्गीय पक्ष्यांकडून माणसाला होणारा ‘सिटॅकोसिस’ हा आजार अशाच धुळीतून पसरतो. १९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून गेलेल्या पोपटांबरोबर त्याची साथ युरोप-अमेरिकेत पोहोचली होती. बाधित पक्षी वरकरणी ठणठणीत दिसू शकतो, हे या आजाराचे वैशिष्ट्य. माणसाला ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला ही लक्षणे दिसतात आणि फ्लू समजून दुर्लक्ष होते. योग्य प्रतिजैविकांनी तो बरा होतो. त्यासाठी घरात पक्षी आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

सफाईपूर्वी पक्षी दुसऱ्या खोलीत, शक्यतो दार लावून ठेवावा. पक्ष्यांची श्वसनसंस्था अतिशय नाजूक असते. दमट वाफ आणि तीव्र वास त्यांना मानवत नाहीत. पिंजरा गॅलरीत किंवा न्हाणीघरात न्यावा, मास्क व हातमोजे घालावेत. प्रथम सर्व भाग कोमट पाण्याने भिजवून विष्ठा मऊ होऊ द्यावी, मग ब्रश आणि सौम्य साबणाने घासून काढावी. घाणीच्या थराखाली उष्णता पोहोचत नाही, त्यामुळे वाफेची पाळी यानंतरच येते.

यंत्रात पाणी शंभर अंशांहून अधिक तापत असले, तरी नळीतून बाहेर पडताच वाफ झपाट्याने निवते. वीतभर अंतरावरून झोत फिरवल्यास गज केवळ ओले होतात. तोटी अगदी जवळ धरून एकेका सांध्यावर काही क्षण थांबत, सावकाश पुढे सरकावे. घाई करायची असेल तर यंत्र बाहेर न काढलेलेच बरे! प्लॅस्टिकचा ट्रे उष्णतेने वाकू शकतो, तो गरम पाण्यानेच धुवावा. पिंजऱ्याचा रंग किंवा जस्ताचा मुलामा सुटू लागला असेल तर पिंजराच बदलावा. पक्षी गज चोचीने कुरतडतात आणि पोटात गेलेले जस्त त्यांना विषारी ठरते. लाकडी दांड्या ओलावा शोषतात. त्या उन्हात पूर्ण सुकवाव्यात, फार जुन्या झाल्या असल्यास टाकून द्याव्यात.

वाफेबरोबर रसायनांची गरज सहसा भासत नाही. तरीही ब्लीच वापरायचे ठरवलेच, तर ते व्हिनेगरमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरिन हा विषारी वायू निघतो. सशाच्या पिंजऱ्यात लघवीतील अमोनियाशीही ब्लीचचा संयोग घातक ठरतो. सशाच्या लघवीचे पांढरे, चुनकट डाग काढायचे असतील, तर नुसते व्हिनेगर लावून थोडा वेळ ठेवावे, धुवावे आणि मग वाफ द्यावी.

यंत्रात बोअरवेलचे जड पाणी भरल्यास आत क्षार साचून तोटी तुंबते. गाळलेले साधे पाणीही हे क्षार अडवत नाही, ऊर्ध्वपातित पाणी वापरावे किंवा यंत्राच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे क्षार काढावेत. सफाईनंतर पिंजरा कोरड्या फडक्याने पुसून वाऱ्यावर ठेवावा. पावसाळ्यात सांध्यांत राहिलेल्या ओलीवर बुरशी लवकर धरते, तेव्हा पंख्याखाली अधिक वेळ द्यावा. धातू हाताला पूर्ण गार आणि कोरडा लागल्यावरच पक्षी आत सोडावा.