खाजनाचा बांध आणि गांवकारीचा कायदा

मांडवी वा जुवारीच्या काठाने भरतीच्या वेळी जाताना खालच्या शेतांकडे नीट पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. बांधापलीकडचे नदीचे पाणी अलीकडच्या भातशेताहून उंच असते. मधे असतो तो चिखलमातीचा, कोठे जांभ्या दगडाने धरलेला एक बांध. गोव्यातील सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन अशा बांधांच्या आश्रयाने उभी आहे. ‘खज्जन’ हा शब्द भोज व कोकणच्या मौर्यांच्या ताम्रपटांतही आढळतो; म्हणजे समुद्राशी चाललेला हा व्यवहार दीड हजार वर्षांचा तरी आहे. मातीचा बांध इतका काळ टिकला तो केवळ मातीच्या बळावर नव्हे, त्यामागे एक कायदा होता, असे आम्हांस वाटते. आणि त्या कायद्याचीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

प्रथम खाजनाची रीत. बांधात ठिकठिकाणी ‘मानस’ असते, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरतीच्या दाबाने तिची दारे आपोआप मिटतात व ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. पावसाळ्यात गोडे पाणी जमिनीतील खार धुऊन नेते आणि खारट जमिनीतही तग धरणारे ‘कोरगुट’ भात तेथे पिकते. कापणी झाली की ठरावीक मापाने खारे पाणी आत घेऊन मासळी धरतात. भात आणि मासळी यांचा हा मेळ मानशीच्या एका दारावर अवलंबून असतो. दार कोणी, केव्हा व किती उघडावे हा प्रश्न सुतारकामाचा नाही, अधिकाराचा आहे. शिवाय खेकडे आणि उंदीर बांधाला नित्य भोके पाडीत असतात. भोक आज बुजविले तर चार टोपल्या मातीचे काम. उधाणानंतर तीच खांड होते.

हा अधिकार आणि ही जबाबदारी गांवकारीकडे, पोर्तुगीज काळच्या भाषेत कोमुनिदादीकडे होती. १५२६ साली आफोंसो मेशिया याने या ग्रामसंस्थांचे रीतिरिवाज ‘फोराल’ या दस्तऐवजात नोंदविले. येथे लक्षात घेण्याजोगे हे की नव्या राजसत्तेने हा कायदा निर्माण केला नाही. जो चालत होता तो लिहून काढला. गावची शेते ठरावीक मुदतीने पावणी करून कसावयास दिली जात. आलेल्या उत्पन्नातून सरकारचा भरणा, बांधबंदिस्ती, देवस्थान वा चर्च आणि गावसेवक यांचा खर्च भागल्यावर जे उरेल ते ‘झोण’ म्हणून गांवकारांत वाटले जाई. आमच्या दृष्टीने सारे मर्म या क्रमात आहे: बांध आधी, वाटा मागाहून. बांध फुटला की झोण बुडाली, हे प्रत्येक गांवकारास ठाऊक असल्याने त्याला उपदेशाची गरज नव्हती.

याचा अर्थ ते सुवर्णयुग होते असा नव्हे. आमच्या जुन्या घराण्यांत गांवकारीविषयी हळहळण्याची एक सवय आहे. तिला आमची साथ नाही. चिखलात उतरणारा बहुधा गांवकार नसे. झोणीचा हक्क पुरुषांच्या वंशाने चाले. राबणाऱ्या कुळाला आणि मुंडकाराला त्यात स्थान नव्हते. पुढे १९०४, १९३३ आणि १९६१ अशा तीन संहितांनी ही संस्था सरकारी देखरेखीखाली उत्तरोत्तर आखडत गेली. शेवटची संहिता एप्रिल १९६१ ची, मुक्तीच्या अवघे आठ महिने आधीची.

मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या राजवटीत १९६४ चा कूळकायदा आला आणि शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कूळ जमिनीचा मालक झाला. हा न्याय होता व तो उशिराच झाला. बांधाचे काय, हा विचार विधिमंडळाला सुचला नाही असेही म्हणता येणार नाही. कुळांच्या सामाईक जबाबदारीसंबंधीचे नियम १९७५ मध्येच झाले. त्यांनुसार कुळांच्या असोसिएशनांनी बांध राखावे आणि मामलेदाराने त्यांच्यावर लक्ष ठेवावे अशी योजना होती. कागदावर ती निर्दोष दिसते. परंतु जमीन प्रत्येकाची स्वतंत्र झाली, बांध मात्र सर्वांचा राहिला. आणि मानशीच्या मासळीची पावणी हे असोसिएशनचे मोठे उत्पन्न होऊन बसले. मासळीच्या ठेकेदाराला खारे पाणी जितके अधिक आत येईल तितके हवे, शेतकऱ्याला ते नको. भात परवडेनासे होऊन मुले नोकरीला लागली, तसा शेतकऱ्याचा आवाज असोसिएशनच्या सभेत क्षीण होत गेला.

सेवेत असताना बांधाच्या एका खांडीची नस्ती आमच्या हाताखालून गेली. अर्ज आला, पाहणी झाली, अंदाजपत्रक झाले, तांत्रिक मंजुरीसाठी ते वर गेले. मंजुरी परत येईतो दोन उधाणे होऊन गेली होती. खांड रुंदावली होती आणि अंदाजपत्रक अपुरे पडले. ते पुन्हा केले. कोणी लाच मागितली नाही, कोणी कामात कुचराई केली नाही. सर्वांनी, आम्हीही, नियमानेच काम केले. त्या वर्षी ती शेते पडीक राहिली.

त्यातच नव्या काळाची भर. खनिज वाहणाऱ्या बार्जांच्या लाटांनी बांध पोखरले. शेत खारावून पडीक पडले की खारफुटी उगवते. आणि खारफुटी उगवली की किनारा नियमन अधिसूचनेचे संरक्षण तिला लाभते. खारफुटी बाहेरून बांधाला लाटांपासून वाचविते, तेव्हा तिचे रक्षण योग्यच. पण आतल्या शेतात ती वाढली की परत नांगर घालू पाहणारा शेतकरीच गुन्हेगार ठरू शकतो. २०११ च्या अधिसूचनेत खाजनासाठी व्यवस्थापन आराखड्याची तरतूद झाली. कूळकायद्याने मिळालेली जमीन अन्य कामी लावण्यास १९९१ च्या कायद्याने मनाई केली आणि भातजमिनीच्या विक्रीवर २०२३ च्या कायद्याने बंधन घातले. हे सर्व आवश्यक आहे. परंतु यांतील बहुतेक तरतुदी काय करू नये ते सांगतात. भोक दिसताच टोपली कोणी उचलावी, ते सांगत नाहीत.

१९७५ च्या नियमांत एक फेरफार करावा, असे आम्ही सुचवू. मानशीच्या पावणीची रक्कम प्रथम बांधाच्या वेगळ्या खात्यात जावी आणि वर्षाची डागडुजी झाल्याखेरीज त्यातील पैही अन्यत्र खर्चू नये. लहान भगदाड बुजविण्यास असोसिएशनला कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागू नये; हिशेब मागाहून द्यावा. मानस उघडण्याच्या वेळा ठेकेदाराच्या करारात लिहाव्या आणि भात लावणाऱ्यांच्या संमतीवाचून त्या बदलू नयेत. कूळ मालकच राहील. गांवकारीकडून घ्यावयाचा तो केवळ खर्चाचा क्रम.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांची घराणी बेळगावास वा त्याहून दूर स्थायिक झाली, तरी मुळे गोव्यातल्या गावांत आहेत. कोणाच्या पेटीत पावणीचे कागद, बांधाच्या खर्चाच्या वह्या वा झोणीच्या पावत्या असतील तर त्या रद्दीत घालू नयेत. बांधावर कोणत्या वर्षी किती खर्च झाला, आणि तो झोणीच्या आधी झाला की नंतर, याचा पुरावा त्या वह्यांतच सापडेल.